गुरुदक्षिणा नव्हे

टोनी आयोमी या इंग्रज गिटारवादकाविषयी लिहिणारे बहुतेक जण त्याच्या बोटांपासून सुरुवात करतात. मीही तेथूनच करतो, पण माझे कारण वेगळे आहे.

१९४८ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला हा मुलगा वयाच्या १७ व्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा तो शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आल्यावर त्याला परत जायचे नव्हते. आईने काम पुरे करून ये म्हणून पाठवले. त्या दिवशी न आलेल्या कामगार बाईच्या जागी त्याला प्रेसवर उभे केले होते. यंत्र हातावर आले, त्याने हात ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे व अनामिकेचे टोक गेले. तो डावखुरा वादक, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका हाच.

फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. जँगो रोमा, युरोपने गावकुसाबाहेर ठेवलेल्या भटक्या जमातीतला. १९२८ च्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, बँजोच्या बारीक तारा लावल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'मध्ये काही गाण्यांत त्याने तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. तारा सैल झाल्या, बोटांना सोसू लागल्या, सूर जड झाला. ही शैली अलंकार म्हणून आलेली नाही.

'ब्लॅक सॅबथ'ची पहिली तबकडी १९७० ची. प्रस्थापित समीक्षकांनी तिची हेटाळणी केली. चौघांपैकी ऑझी ऑस्बर्न कत्तलखान्यात राबलेला. त्याच वर्षीच्या 'वॉर पिग्ज'मध्ये त्यांनी गरिबांना युद्धावर धाडणाऱ्यांना नेमके ओळखले होते. (ओबडधोबड हा शब्द समीक्षकांना किती पटकन सुचतो!)

पण चाहत्यांनी रचलेल्या दंतकथेविषयीही माझी तक्रार आहे. तीत प्रेस जणू द्रोणाचार्य होते आणि बोटे गुरुदक्षिणा. एकलव्याची गोष्ट ज्यांनी उलटी वाचली आहे त्यांनी तरी हे मान्य करू नये. बोटे गेली म्हणून संगीत आले, हे वाक्य मालकाच्या सोयीचे आहे. आयोमी अपघातापूर्वीच वाजवत होता. बँडबरोबर जर्मनीला जायचे म्हणूनच तो नोकरी सोडत होता. यंत्राने त्याच्याकडून घेतले, दिले काही नाही. जे दिसते ते त्याने स्वतः, बाटली आणि चामड्यातून, परत मिळवलेले आहे. आणि ज्यांनी बोटे गमावली पण कधी गिटार धरली नाही, त्यांचा हिशेब या दंतकथेत कोठेच नाही.

नंतर माणसे येत-जात राहिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकला तो आयोमीच. सगळ्या तबकड्या सारख्या तोलाच्या नाहीत, हे त्याच्या चाहत्यांनाही ठाऊक आहे. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर मूळ चौघे शेवटचे एकत्र वाजले. ऑझी २२ जुलैला वारला. आयोमीच्या बोटांवर त्या मैफलीतही टोपणे होती.