राक्षसाचे उलटे हात : खेळांच्या नियमग्रंथांतील भूतयोनींचा पाठविचार

दोन पोथ्यांत एकच चूक आढळली, आणि ती सहजासहजीं दोनदां घडण्याजोगी नसली, तर त्या पोथ्यांचें कूळ एक, हा पाठचिकित्सेचा पहिला धडा होय. शुद्ध पाठ कोठूनही येऊं शकतो. अपपाठाला मात्र बाप असतो. हा नियम आजवर आम्ही बाडें व पोथ्या यांनाच लावीत आलों. प्रस्तुत लेखांत तो एका निराळ्या वाङ्मयास लावून पाहावयाचा आहे. तें वाङ्मय म्हणजे अलीकडच्या अद्भुतसृष्टीच्या खेळांचे नियमग्रंथ. त्यांत राक्षस, नाग, वेताळ या आपल्या योनी वारंवार भेटतात, आणि त्यांवरून निघालेले पडद्यावरचे खेळ आर्णीसारख्या गांवींही मुलांच्या हातीं आहेत. संशोधकांनीं पोरखेळ म्हणून त्यांकडे पाठ फिरवावी असें आम्हांस वाटत नाहीं.

या खेळांचा मूळपुरुष 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा होय. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं तो इ. स. १९७४ त प्रसिद्ध केला. खेळणारे मेजाभोंवतीं बसून एकेक सोंग घेतात, एकजण सूत्रधार होतो, व फांशांवर निकाल लागतो. या खेळाचा 'मॉन्स्टर मॅन्युअल' नांवाचा योनिकोश इ. स. १९७७ त निघाला. त्यांत राक्षस आहे. चित्रांत त्याला वाघाचें मस्तक दिलें आहे. तो विश्वासांतील माणसाचें रूप घेऊन भुलवितो, नरमांस खातो, आणि धर्मोपदेशकानें मंत्रून दिलेला क्रॉसबोचा बाण लागला कीं मरतो. पुढें त्याचे तळहात उलटे, म्हणजे आपल्या हाताची जेथें पाठ तेथें त्याचा तळवा, असेंही ठरलें, इ. स. २०१४ च्या आवृत्तींत तसें स्पष्ट लिहिलेलें आहे.

हा मंत्रलेला बाण कोठचा? वाल्मीकींत तो नाहीं, व्यासांत नाहीं, पुराणांतही आमच्या पाहण्यांत नाहीं. तो सांपडतो अमेरिकेंतील 'कोलचॅक : द नाइट स्टॉकर' या दूरचित्रवाणी मालिकेच्या इ. स. १९७४ च्या डिसेंबरांतील एका भागांत. तेथेंही राक्षस, तेथेंही विश्वासांतल्या माणसाचें रूप, आणि तेथेंही तोच क्रॉसबोचा बाण. शास्त्रांत नसलेली इतकी विशिष्ट वस्तु तीन वर्षांच्या अंतरानें दोन ठिकाणीं यावी, याचा अर्थ उघड आहे. कोशकाराची पोथी रामायण नव्हे, दूरचित्रवाणीचा तो भाग होय. गंमत अशी कीं इ. स. २०१४ च्या आवृत्तींत बाण गळाला, पण सज्जनाच्या हातच्या मंत्रित शस्त्राची भोसकणी त्याला अधिक बाधते हा नियम राहिला. लेखकानें न समजलेला शब्द गाळावा आणि त्याची विभक्ति मात्र ओळींत तशीच राहूं द्यावी, तसा हा प्रकार झाला.

वाघाच्या मस्तकास मात्र आम्ही निराधार म्हणणार नाहीं. सुंदरकांडांत सीतेभोंवतीं बसलेल्या राक्षसींचें जें वर्णन आहे, त्यांत कोणी एकाक्षी, कोणी एककर्णी, कोणाचें मुख डुकराचें, कोणाचें हरिणाचें, वाघाचें, रेड्याचें, बोकडाचें, कोल्हीचें असें सांगितलें आहे. वाघ त्या यादींत आहे. पण तो यादींतील एक आहे. त्याच कांडांत रावणास समोर पाहून हनुमंत त्याच्या रूपाचें व तेजाचें मनांत कौतुक करतो. राक्षसाला ठराविक तोंड नाहीं, हेंच तर कामरूपीपणाचें मर्म. कोशाला चित्र लागतें, चित्राला एकच तोंड लागतें, आणि मग तेंच तोंड जातीचें लक्षण ठरतें. अलीकडे आम्हीं शेजारच्या चार मुलांस राक्षस काढावयास सांगितलें. दोघांनीं शिंगें काढलीं, एकानें नुसते सुळे, आणि एकानें वाघ काढून त्याला अंगरखा घातला. रामायण त्या मुलाच्या घरीं दर वर्षीं वाचलें जातें.

उलट्या हातांची गोष्ट याहून महत्त्वाची. भुताचे पाय उलटे असतात ही समजूत आपल्याकडे खेडोपाडीं आहे. पण ती शोभेची नव्हे. हडळीनें रूप कितीही पालटलें तरी पावलें फसवीत नाहींत, म्हणून वाटसरूनें आधीं पायांकडे पाहावें, असा तिचा उपयोग. खेळांतील उलट्या हातांवर कांहींच अवलंबून नाहीं. रावणाच्या वरदानाचेंही असेंच पाहावें. त्यानें देव, दैत्य, यक्ष, नाग यांच्याकडून अभय मागितलें, आणि मनुष्याला तृणवत् मानून वगळलें. त्याचा मृत्यु त्या तुच्छतेंतून आला. खेळांतील राक्षसालाही मर्मस्थान आहे, पण त्या मर्माला कारण नाहीं. तो बाणानें मरतो, कारण पुस्तकांत तसें लिहिलें आहे.

आमचा मुख्य आक्षेप येथें आहे, आणि तो वेताळाच्या बाबतींत फारच तीव्र होतो. सोमदेवानें अकराव्या शतकांत काश्मिरांत रचलेल्या कथासरित्सागरांत वेताळाच्या कथा येतात, त्यांचा राजा त्रिविक्रमसेन हा गोदातीरच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. शिंशपावृक्षावरचें प्रेत खांद्यावर घेऊन त्यानें स्मशानांत भिक्षूकडे न्यावयाचें. प्रेतांतला वेताळ वाटेंत कथा सांगतो व शेवटीं प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचें मस्तक फुटेल. बोलला तर वेताळ पुन्हां झाडावर. नियम आहे, पेंच आहे, डावामागून डाव आहे. याहून नेटका खेळ कोणी रचून दाखवावा! खेळ रचणें हाच ज्यांचा धंदा, त्यांनीं हा खेळ टाकला आणि प्रेत तेवढें उचललें. इ. स. २००९ त निघालेल्या 'पाथफाइंडर' या खेळाच्या ग्रंथांत वेताळ हा 'व्हँपायर'चा, म्हणजे युरोपांतील रक्तपिशाचाचा, एक पोटभेद म्हणून नोंदलेला आहे. या अपपाठाचा बापही हुडकण्यास लांब जावें लागत नाहीं. रिचर्ड बर्टन यानें इ. स. १८७० त पंचविशींतील अकरा कथा इंग्रजींत आणल्या आणि ग्रंथाच्या नांवांतच वेताळाला 'व्हँपायर' म्हटलें. त्याला इंग्रज वाचकासाठीं ओळखीचा शब्द हवा होता, एवढेंच.

आपल्या वेताळाला तर तिसरेंही रूप आहे. सिंधुदुर्गांत आरवलीस वेतोबा हा देव आहे. तो रात्रीं गांवाची राखण करीत फिरतो व चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, या श्रद्धेनें लोक त्याला भल्या मोठ्या चामड्याच्या वहाणा व केळ्यांचे घड वाहतात. ज्या देवाच्या झिजलेल्या वहाणांची गांव काळजी करतो, त्याला रक्तपिशाचांच्या कोष्टकांत बसवितांना कोणाचा हात अडखळला नाहीं.

कोणी म्हणेल कीं परंपरेनेंही फेरफार केलेच. हें आम्हांस मान्य आहे. सोमदेवाच्या पाठीमागें गुणाढ्याची बृहत्कथा, आणि ती तर पैशाचींत, भुतांच्याच भाषेंत म्हणा ना, रचली होती असें सांगतात; ती लुप्त झाली आणि तिचीं संस्कृत रूपांतरें राहिलीं. परंतु त्या रूपांतरांत वेताळाचा प्रश्न सुटला नाहीं. अट टिकली, म्हणून योनि टिकली.

आपल्याकडील एका प्रयत्नाचा उल्लेख केलाच पाहिजे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं इ. स. २०२० त 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' हा पडद्यावरचा खेळ काढला. राजी नांवाची मुलगी असुरांनीं पळविलेल्या गोलू या भावास शोधीत जाते. दुर्गेचा त्रिशूळ व विष्णूचें शार्ङ्ग धनुष्य तिला मिळतें. निवेदनही दुर्गा व विष्णु यांच्याच मुखीं आहे. देवादिकांच्या कथा भिंतींवरील चित्रांतून सांगण्याची युक्ति आम्हांस फार आवडली. कारागिरींत पहाडी चित्रकला, राजस्थानी वाडे, बालीकडील छायाबाहुल्या इतकें सर्व आलें आहे. पण असुर येथेंही झुंडीनें येतात व झुंडीनें मरतात. त्यांच्याशीं बोलावयाचें कांहीं नसतें. आणि ज्या शहराला वेताळटेकडी आहे, तेथील खेळांत मराठी मुलखाची एकही भूतयोनि आमच्या दृष्टीस पडली नाहीं.

हें सर्व येथें मांडण्याचें कारण असें. ए. एम. टी. जॅक्सन यांनीं जमविलेलें कोंकणांतील लोकसमजुतींचें साहित्य एन्थोव्हेन यांनीं इ. स. १९१५ त प्रसिद्ध केलें. तें मुख्यतः खेड्यांतील शाळामास्तरांनीं प्रश्नावलीस धाडलेल्या उत्तरांतून उभें राहिलें आहे, आणि आमच्या व्यवसायाला याचा अभिमान वाटावा. पण तें काम मुंबई इलाख्यापुरतें होतें. यवतमाळ तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडांत असल्यामुळें त्या प्रश्नावलीबाहेर राहिलें. आज अरुणावतीच्या कांठीं कोणी चकव्याची गोष्ट सांगितली, तर ती आजीकडून आली कीं मुलाच्या हातांतल्या पडद्यावरून, हें आधीं विचारावें लागतें, आणि दर वर्षीं तें सांगूं शकणारीं माणसें कमी होत आहेत. म्हणून टिपून घेणारांनीं योनीच्या नांवावर व रूपावर थांबूं नये. मुंजा पिंपळावरून केव्हां उतरतो, चकवा कशानें सुटतो, कोणास काय दिलें म्हणजे तो जातो, ही अट सांगणाराचें गांव व वय यांसह उतरून घ्यावी. मंत्र-तोडग्यांचीं बाडें संग्राहक बहुधा किरकोळ म्हणून बाजूस टाकतात. त्यांतही याच अटी लिहिलेल्या सांपडतात.

शेवटीं एक विनंति. सोमदेवाच्या शेवटच्या कथेंत बाप मुलीला व मुलगा आईला वरतो, आणि त्यांच्या संततीचें एकमेकांशीं नातें काय, या प्रश्नावर राजाला उत्तर सुचत नाहीं. तो गप्प राहतो, आणि तेथेंच वेताळ त्याला वश होतो. वेताळपंचविशीचीं जुनीं मराठी हस्तलिखितें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं शेवटचें पान काढून राजा तेथें गप्प राहतो कीं कोणा लेखकानें त्याला उत्तर पढविलें आहे, एवढें पाहून हस्तलिखिताच्या शकासह कळवावें.