स्थिर सायकल व ट्रेडमिल : शारीरिक क्षमता चाचण्यांची तुलनात्मक समीक्षा

शारीरिक क्षमतेच्या मूल्यमापनात कमाल ऑक्सिजन ग्रहणक्षमता हा प्रमुख निकष मानला जातो. ट्रेडमिलवर धावताना अधिक स्नायूसमूह कार्यरत असतात व शरीराचे वजनही पेलावे लागते. सायकलवर मात्र हृदयाची मर्यादा येण्यापूर्वीच मांडीचे स्नायू थकतात. परिणामी सायकलचा सराव नसलेल्या व्यक्तीची ग्रहणक्षमता सायकलवर सर्वसाधारणपणे ५ ते २० टक्के कमी आढळते. मुरलेल्या सायकलपटूंत हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजेच चाचणीच्या आकड्यात क्षमतेबरोबर सरावही मिसळलेला असतो.

तथापि, यावरून सायकल त्याज्य ठरत नाही. धड स्थिर राहत असल्याने रक्तदाब व हृदयालेख घेणे सुलभ होते, कार्यभार वॅटमध्ये नेमका ठरविता येतो आणि पडण्याचा धोकाही कमी असतो.

खरा दोष साधनात नसून तुलनेत आहे. १९५४ ची ऑस्ट्रँड-रीमिंग सायकल चाचणी नाडीच्या ठोक्यांवरून कमाल क्षमतेचा केवळ अंदाज बांधते. १९६३ ची ब्रूस चाचणी ट्रेडमिलचा वेग व चढ दर ३ मिनिटांनी वाढवीत व्यक्तीला थकव्यापर्यंत नेते. या दोहोंचे आकडे एकाच कोष्टकात मांडून खेळाडूंची निवड केल्यास सक्षम धावपटूही अपात्र ठरू शकतो. म्हणून खेळाशी सुसंगत साधन निवडणे, पुनर्चाचणीत तेच कायम ठेवणे व अहवालात त्याचा स्पष्ट उल्लेख करणे आवश्यक ठरते.