दोन तारे आणि हाफ शेजवान

मागच्या पावसाळ्यात मी एका चायनीजवाल्याला दोन तारे दिले. इंदिरानगरमध्ये आमच्या सोसायटीपासून चालत सहा मिनिटांवर त्याचा गाळा आहे. गाळा म्हणजे गाडीच, फक्त चाकांऐवजी शटर. त्या रात्री पाऊस होता, ऑफिसचा कॉल लांबला होता, म्हणून अ‍ॅपवरून शेजवान नूडल्स मागवल्या. आल्या तेव्हा त्यांचा लगदा झाला होता. मी लिहिलं, ‘ओलसर, बेचव. पुन्हा नाही.’ आणि झोपलो.

दोन आठवड्यांनी एका रात्री लाइट गेली आणि घरी काहीच शिजलं नव्हतं. त्याच गाळ्यासमोर जाऊन उभा राहिलो. “पार्सल का इथंच, भाऊ?” “इथंच. हाफ शेजवान नूडल्स.” मोठ्या आचेवर कढई, त्यात कोबी पडल्याचा आवाज, चार-पाच वेळा उडवलेल्या नूडल्स, तीन मिनिटांत प्लेट हातात. कडेला किंचित करपलेल्या, कोबी अजून कुरकुरीत, लसूण पुढे. मी ज्यांना बेचव म्हटलं होतं त्या नूडल्स याच होत्या.

फरक वीस मिनिटांचा आणि एका झाकणाचा होता. गरम नूडल्स बंद डब्यात भरल्या की वाफ झाकणाला लागून पाणी होते, ते पाणी खाली पडतं आणि नूडल्स ते पिऊन घेतात. अ‍ॅप जेवणाबद्दल वेगळं विचारतं, डिलिव्हरीबद्दल वेगळं. डब्यातल्या वाफेचा दोष कुठे लिहायचा, हे कुठेच विचारत नाही. मग तो आपोआप कढईवाल्याच्या नावावर जमा होतो.

तेव्हापासून मला प्रश्न पडलाय, की आपण कॉलनीतल्या या साध्या जागांबद्दल जे लिहितो, ती समीक्षा आहे का? असेल तर फार आळशी आहे.

चायनीजच्या गाडीवर पहिला ठरलेला आक्षेप असा, की ‘हे खरं चायनीज नाही’. नाहीच आहे. आजचं मंचुरियन मंचुरियातून आलेलं नाही. कोलकात्यात वाढलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं-लसूण-हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉर वापरलं आणि चिकन मंचुरियन केलं, अशी त्याची जन्मकथा सांगितली जाते. आपल्या गाडीपर्यंत येता येता चिकनच्या जागी कोबी-गाजराचे गोळेही आले. ‘शेजवान’ हे नाव सिचुआन प्रांताचं, पण तिथली जीभ बधिर करणारी मिरी आपल्या लाल चटणीत बहुधा नसतेच. गंमत म्हणजे त्या मिरीचं सख्खं नातेवाईक कोकणात बांगड्याच्या आमटीत पडतं, त्याला आपण तिरफळ म्हणतो. म्हणजे सिचुआनच्या जवळ कोण, तर मालवणी आजी. चायनीजची गाडी हा सुक्या मिरचीचा आणि लसणाचा आपलाच पदार्थ आहे. त्याला तसंच खाऊन तपासलं पाहिजे.

तसं तपासलं तर दोष सापडतातच. सोया, व्हिनेगर आणि लाल चटणी या तीन बाटल्यांवर अख्खं मेनूकार्ड उभं असतं. ट्रिपल राइस आणि हाँगकाँग नूडल्स यांत फरक नावाचाच. मंचुरियनचा रंग संशय यावा इतका लाल. आणि रात्री नऊनंतर गाळ्यासमोर बहुतेक पुरुषच उभे असतात, हे मला बहिणीनं सांगेपर्यंत दिसलंच नव्हतं.

ती एमपीएससीचा अभ्यास करते आणि आठवड्यातून दोनदा कॉलेज रोडच्या एका कॅफेत जाते. एक कॅपुचिनो, अडीच तास. मी तिला चिडवायचो, की या कॉफीच्या पैशांत दोन हाफ राइस येतात. ती म्हणाली, “मी कॉफीचे पैसे देतच नाही. मला कुणी ‘अजून काही हवंय का’ विचारत नाही, त्याचे देते.” बरोबर आहे. मी वर्क फ्रॉम होममध्ये पुण्याहून परत आलो तेव्हा मीही गंगापूर रोडच्या कॅफेंत तेच विकत घेत होतो. कॅफे बसायची जागा विकतो, कॉफी ही त्याची पावती.

म्हणून कॅफेची समीक्षा खुर्चीपासून सुरू व्हायला हवी. चार्जिंगचा सॉकेट आहे का? एकट्या मुलीकडे कुणी वळून बघतं का? आपण मात्र लिहितो, ‘व्हाइब मस्त’, आणि वरून काढलेला पॅनकेकचा फोटो टाकतो. खाण्याबद्दल बोलायचं तर ब्रंचचा मेनू निराश करतो. अ‍ॅव्होकाडो टोस्ट, पॅनकेक, पेस्टो सँडविच. हे कार्ड इंदूरला नेलं तरी चालेल. द्राक्षांच्या जिल्ह्यात ताटात द्राक्ष नाही.

ब्रंच हा शब्द १८९५चा. गाय बेरिंजर नावाच्या इंग्रजी लेखकानं रविवारी उशिरा उठणाऱ्यांची बाजू घेत तो मांडला. आपल्याकडे त्याची वकिली करावी लागली नाही. रविवारी दहा-साडेदहाला घरचे सगळे गाडीत बसून बारदान फाट्याकडे चुलीवरची मिसळ खायला जातात, काळा रस्सा, पापड, दही घेतात, आणि दुपारी कुणी जेवत नाही. नाशिकचा ब्रंच हाच. आजी, नातू, शेजारचे काका एका टेबलावर, हे कॅफेला अजून जमलेलं नाही. पण बहिणीला अडीच तास एकटीनं बसायला मिसळीच्या रांगेतही जागा नाही. या तीन जागा तीन वेगळी कामं करतात आणि आपण तिन्हींना एकाच पाच ताऱ्यांच्या पट्टीनं मोजतो.

त्या पट्टीचं गणित मला कामामुळे कळतं, म्हणून जास्त लाज वाटते. समजा, एखाद्या गाळ्याला २४ जणांनी रेटिंग दिलंय आणि सरासरी ४ आहे. माझे दोन तारे पडले की ती ३.९२ होते. हजार रेटिंग असलेल्या मोठ्या हॉटेलला तेच दोन तारे लागतही नाहीत, सरासरी ३.९९८. पण आपण भूक लागल्यावर ‘४.०च्या वर’ हा फिल्टर लावतो. मोठं हॉटेल एका दशांशापर्यंत ४.०च राहतं, गाळा यादीतून गायब होतो. माझ्या आळसाचा दंड त्यालाच सगळ्यात जास्त बसतो ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे.

पुढच्या वेळी मी गाळ्यावर कबूल केलं, की ते दोन तारे माझे. कढईवरून मान न उचलता दादा म्हणाले, “ते मोबाइलचं पोरगा बघतो. पण भाऊ, नूडल्स लांब जात नाहीत, हे मलाही माहितीये. राइस मागवत जा.”

बावीस वर्षं कढई हलवणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या पदार्थाची माझ्यापेक्षा नेमकी समीक्षा तयार होती. त्याला कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

घरी येऊन मी रिव्ह्यू बदलला. ‘रात्री साडेआठ, उभं राहून खाल्ल्या. नूडल्स इथेच खा, लसूण छान, कोबी कुरकुरीत. पार्सल न्यायचं तर राइस न्या आणि झाकण थोडं उघडं ठेवायला सांगा. मंचुरियनचा लाल रंग कमी करायला हवा. बाकडं टाकलं तर बायकाही थांबतील.’ चार तारे दिले. पाचवा बाकड्यासाठी राखून ठेवलाय.