रोग्याची खुर्ची

कर्करोगाच्या कथांतून रोग्याला घर असते, प्रेयसी असते, रात्रंदिवस उशाशी बसणारा मित्रही असतो. नोकरी मात्र क्वचितच असते. हृषीकेश मुखर्जी यांचा १९७१ चा ‘आनंद’ घ्या. आतड्याच्या कर्करोगाने ग्रासलेला, दिल्लीहून मुंबईस आलेला तो हसतमुख तरुण आपल्याकडील दोनतीन पिढ्यांनी डोळे पुसत पाहिला. रमेश देव व सीमा देव यांनी रंगविलेल्या कुलकर्णी दांपत्यामुळे मराठी प्रेक्षकाला तर तो घरचाच वाटला. परंतु हा आनंद पोटापाण्यासाठी काय करीत होता, रजा कोणाकडे मागत होता, डॉक्टरांचा दाखला कोणत्या साहेबाच्या टेबलावर ठेवीत होता, हे प्रश्न चित्रपटाला पडत नाहीत. रसिकांस हा आक्षेप रुक्ष वाटेल. वाटो बापडा! ज्याला दर महिन्याच्या एक तारखेची वाट पाहावी लागते, त्याचे मरणही त्या तारखेला चुकवून येत नाही, आणि जगणे तर नाहीच नाही.

टॉलस्टॉय या बाबतीत कठोर होता. ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही त्याची १८८६ ची दीर्घकथा सुरू होते ती न्यायालयात. नायक स्वतः न्यायाधीश. त्याच्या निधनाची वार्ता वर्तमानपत्रात वाचताच सहकाऱ्यांच्या मनात पहिला विचार येतो तो, आता कोणाची बढती होणार, हा! त्याचा रोग टॉलस्टॉयने नावाने सांगितलेला नाही. पण मला तिच्यातील सर्वांत भयंकर वाटतो तो प्रसंग मृत्यूचा नाही. दुखणे विसरावे म्हणून इव्हान न्यायासनावर जाऊन बसतो, ऐन सुनावणीत कळ उठते, आणि इतका कुशाग्र माणूस गोंधळतो आहे, चुकतो आहे, हे भोवतालचे लोक विस्मयाने पाहतात. तो कसेबसे काम संपवितो. आजारी माणूस कामावर का जातो आणि तेथे त्याचे काय होते, हे इतक्या थोडक्या शब्दांत दुसऱ्या कोणी सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

याच कथेची प्रेरणा घेऊन अकिरा कुरोसावा यांनी १९५२ मध्ये ‘इकिरू’ काढला. शब्दाचा अर्थ, जगणे. वातानाबे हा नगरपालिकेतील एका खात्याचा प्रमुख. जवळजवळ तीस वर्षांत त्याने एक दिवसही कामाला खाडा केलेला नाही. पोटाचा कर्करोग झाल्याचे उमगताच तो काही न कळविता कचेरीत जायचा थांबतो. हाताखालची एक तरुण मुलगी त्याला शोधत येते ती सांत्वनासाठी नाही. तिच्या राजीनाम्यावर त्याचा शिक्का हवा असतो. माणूस मरणाच्या दारी असला तरी शिक्क्यावाचून दुसऱ्याचे कागद अडून राहतात, हा विनोद ज्याने सरकारी कचेरी जवळून पाहिली त्यालाच सुचावा. पुढे वातानाबे कामावर परततो, बायकांच्या तक्रारीचा जुना अर्ज उचलतो आणि सांडपाण्याच्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग करवून घेतो. ताकाशी शिमुरा यांचा अभिनय अविस्मरणीय आहे.

तथापि माझे या चित्रपटाशी एक भांडण आहे. वातानाबेला उपचार नाहीत. मरण निश्चित झाल्यावरच त्याच्या कामाला अर्थ येतो. आजचा रोगी तसा राहिलेला नाही. त्याला औषधाचे फेरे घ्यावे लागतात, बहुधा दर तीन आठवड्यांनी एक. किरणोपचार असले तर आठवड्यातून पाच दिवस, पुष्कळदा पाचसहा आठवडे. मधले काही दिवस तो बरा असतो, काही दिवस उठवत नाही. तो मेलेलाही नसतो आणि ‘पूर्ण बरा’ही नसतो. या अर्ध्यामुर्ध्या दिवसांची कथा ना कुरोसावांनी सांगितली, ना आपल्या मुखर्जींनी.

कायद्यानेही ती ऐकलेली नाही. आंध्र प्रदेशाचा १९८८ चा दुकाने व आस्थापनांचा कायदा तेलंगणाने वारशाने घेतला; त्यात आजारपणाची पगारी रजा वर्षाला १२ दिवस. पाच आठवड्यांच्या किरणोपचाराला २५ दिवस जावे लागते! कामगार राज्य विम्याची योजना पुष्कळ उदार. १९४८ च्या कायद्याखाली वर्षात ९१ दिवस ७० टक्के वेतन, आणि कर्करोगासारख्या दीर्घ रोगांना ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू लागला. पण त्यासाठी सलग दोन वर्षांची नोकरी हवी आणि पगार मर्यादेच्या आत हवा. ती मर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये झाली. उलट १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘सततच्या अनारोग्या’मुळे केलेली सेवासमाप्ती कामगारकपातीच्या व्याख्येतून वगळली, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेच्या व्याख्येतून तो अपवाद गळाला. ‘सतत’ हा शब्द घालताना मसुदाकारांच्या डोळ्यांपुढे खाटेवर पडलेला माणूस असणार. तिसऱ्या आठवड्याला दोन दिवस कोसळून चौथ्या दिवशी खतावण्या लिहिणारा खासच नसावा.

वास्तविक, माणसाची गैरहजेरी आणि त्याचा अधिकार वेगळे ठेवण्याची रीत आपणांस नवी नाही. देवळांतून पुजाऱ्यांच्या पाळ्या असतात. पाळीवाला आजारी पडला किंवा त्याला सुतक आले, तर दुसरा कोणी पूजा चालवितो. देव पारोसा राहत नाही आणि पाळीवाल्याचा हक्कही बुडत नाही. पूजेची पाळी ही वारसाहक्काची मिळकत होय, असे न्यायालयांनी मानलेले आहे. कारकुनाच्या खुर्चीला असली प्रतिष्ठा कोण देणार?

येथे हिमायतनगरात एका पेढीवर हिशेब लिहिणाऱ्या मराठी बाई गेल्या वर्षी माझ्याकडे आल्या होत्या. सकाळी रेड हिल्सच्या मेहदी नवाज जंग कर्करोग संस्थेत किरण घ्यायचे, लकडी का पूल, लिबर्टी करीत परत यायचे आणि अकरापासून सात वाजेपर्यंत काम करायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. ‘पूर्ण बऱ्या होऊन या’, असे पेढीने कळविले. त्यात सहानुभूती नव्हती असे मी म्हणणार नाही. परंतु घरी बसल्यावर पगार थांबला, आणि शेजारणी येऊन ‘विश्रांती घ्या हो’ म्हणू लागल्या. त्यांनी पेढीला केलेला अर्ज माझ्यापुढे आहे. त्यात ‘रजा’ हा शब्द एकदाही आलेला नाही. वेळ तेवढी बदलून मागितली आहे.