प्रकाश, पट्टिका आणि पुनर्चित्रण : संगणकीय क्ष-किरण चित्रणपद्धतीची चिकित्सा (मुळशी तालुक्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

फिल्मच्या जागी पुनःपुन्हा वापरता येणारी फॉस्फर-पट्टिका आल्यानंतर क्ष-किरण विभागातील डार्करूम बंद झाली. त्याबरोबर प्रकाशाविषयीची सावधगिरीही अनावश्यक ठरली, असा समज रूढ झाला. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे. पट्टिकेवर पडलेल्या प्रकाशाने केवळ चित्राची हानी होत नाही. ही हानी 'अपुऱ्या मात्रे'चे रूप घेऊन समोर येते आणि तिची भरपाई रुग्णाला अधिक किरणोत्सर्ग देऊन केली जाते, हा लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे. दुर्गम व नागरी अशी दोन्ही रूपे असलेल्या मुळशी तालुक्याच्या संदर्भात या प्रश्नाचे व्यावहारिक परिणाम तपासले आहेत.

बीजशब्द : क्ष-किरण, इमेजिंग प्लेट, सुप्त प्रतिमा, पुनर्चित्रण, किरणोत्सर्ग-मात्रा, मुळशी.

प्रस्तावना

विल्हेल्म रॉन्टगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतरच्या दीर्घ काळात वैद्यकीय चित्रणाचा आधार छायाचित्रणाची फिल्म हाच राहिला. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीच्या जॉर्ज लकी यांना फॉस्फरमध्ये प्रतिमा साठवून ती नंतर वाचण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. जपानच्या फुजी कंपनीने १९८१ मध्ये ही पद्धत वैद्यकीय जगासमोर मांडली आणि त्यानंतर ती बाजारात आली. 'कॉम्प्युटेड रेडिओग्राफी' अर्थात सीआर या नावाने ती आज ओळखली जाते. जुने क्ष-किरण यंत्र तसेच ठेवून केवळ कॅसेट, पट्टिका व रीडर बदलले की चित्र संगणकावर येते, हे तिचे मोठे आकर्षण होते. मोठ्या रुग्णालयांत आता फ्लॅट पॅनेलवर आधारित थेट डिजिटल यंत्रणा स्थिरावली आहे. तथापि मर्यादित भांडवल असलेली केंद्रे, फिरती पथके, दंतवैद्यक व पशुवैद्यक या क्षेत्रांत पट्टिकेचे स्थान अद्याप टिकून आहे.

या पद्धतीच्या प्रसाराबरोबर 'आता अंधाराची गरज नाही' हे विधानही प्रसृत झाले. डार्करूम ही एक खोली होती आणि ती गेली, एवढ्यापुरते हे विधान खरे आहे. परंतु डार्करूम ही एक शिस्तही होती. त्या शिस्तीचे काय झाले, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

पट्टिकेचे भौतिकशास्त्र

प्रचलित पट्टिकेवर युरोपियम मिसळलेल्या बेरियम फ्लुओरोहॅलाइडचा थर असतो. क्ष-किरण पडले की या स्फटिकातील काही इलेक्ट्रॉन मुक्त होतात आणि स्फटिकरचनेतील रिक्त जागांमध्ये अडकून राहतात. जेथे किरण अधिक पोहोचले तेथे अडकलेले इलेक्ट्रॉन अधिक, जेथे हाडाने किरण अडवले तेथे कमी. अशी ही सुप्त प्रतिमा असते. रीडरमध्ये तांबड्या लेसरचा बारीक झोत पट्टिकेवरून फिरतो. त्या ऊर्जेने इलेक्ट्रॉन सुटतात, मूळ स्थितीकडे परततात आणि परतताना निळा-जांभळा प्रकाश देतात. हा प्रकाश मोजून संगणक चित्र तयार करतो. शेवटी तीव्र प्रकाशाने उरलेले इलेक्ट्रॉन मोकळे केले जातात आणि पट्टिका पुढील रुग्णासाठी कोरी होते.

या वर्णनातच प्रश्नाचे मूळ आहे. लेसर जे काम मोजूनमापून करतो तेच काम खोलीतील दिवा किंवा खिडकीतील ऊन न मोजता करते. दिव्याच्या प्रकाशातही तांबडा अंश असतो. त्या अंशानेही इलेक्ट्रॉन सुटतात, निळा प्रकाशही बाहेर पडतो, परंतु तो टिपायला तेथे कोणी नसते. म्हणजे प्रकाशात उघडी पडलेली पट्टिका आपले चित्र कोणीही न वाचता पुसून टाकते.

भारतातील क्ष-किरण कर्मचाऱ्यांच्या परिचयाचे याच तत्त्वाचे एक उदाहरण म्हणजे छातीवर लावला जाणारा टीएलडी बिल्ला. त्यातही इलेक्ट्रॉन अडकतात, फक्त त्यांना सोडवण्यासाठी प्रकाशाऐवजी उष्णता वापरली जाते. जो तंत्रज्ञ आपला बिल्ला उन्हात वा उष्णतेजवळ ठेवू नये हे कटाक्षाने पाळतो, त्याला पट्टिकेची सावधगिरी समजावणे अवघड नसावे. परंतु ही दोन उपकरणे एकाच तत्त्वाची भावंडे आहेत, हे प्रशिक्षणात क्वचितच सांगितले जाते.

फिल्मच्या अनुभवाचा विपर्यास

फिल्मच्या काळात घडलेली नजर पट्टिकेच्या बाबतीत उपयोगी पडत नाही, उलट फसवते. याची तीन कारणे संभवतात.

पहिले कारण दोषाच्या लक्षणाचे. कॅसेटच्या फटीतून फिल्मवर प्रकाश गेला तर धुलाईनंतर तेथे काळा डाग उमटत असे. पट्टिकेवर प्रकाश गेला तर संकेत कमी होतो आणि तो भाग पांढरट दिसतो. काळ्या डागाच्या शोधात असलेल्या अनुभवी तंत्रज्ञाला पांढरट झालेली कड प्रकाशाचा दोष म्हणून ओळखता येत नाही. छातीच्या चित्रात फुप्फुसाच्या कडेला असा पांढरट भाग आला, तर तो विकाराची छाया म्हणून भासण्याची शक्यता असते. क्षयरोग वा न्यूमोनियाच्या निदानात ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही.

दुसरे कारण वेळेचे. फिल्मला प्रकाश सदैव वर्ज्य होता, चित्रणापूर्वीही आणि चित्रणानंतरही. पट्टिकेच्या बाबतीत चित्रणापूर्वी पडलेला दृश्य प्रकाश जवळजवळ निरुपद्रवी असतो, कारण पुसण्यासारखे काही तेथे नसतेच. चित्रण झाल्यापासून रीडरने वाचेपर्यंतचा अवधी तेवढा संवेदनक्षम असतो. सर्व पुस्तिकांत आढळणारी 'पट्टिका प्रकाशापासून दूर ठेवावी' ही सूचना म्हणूनच अपुरी वाटते. ती कोणत्या वेळी प्राणपणाने पाळायची आणि कोणत्या वेळी शिथिल चालेल, हे सांगत नाही. सर्वच वेळी सारखी कडक असलेली सूचना व्यवहारात सर्वच वेळी सारखी ढिली होते.

तिसरे कारण सर्वांत विलक्षण आहे. डार्करूममधील तांबडा दिवा फिल्मच्या दृष्टीने 'सुरक्षित दिवा' होता. पट्टिकेचे इलेक्ट्रॉन मात्र नेमक्या तांबड्या-नारिंगी प्रकाशानेच सहज सुटतात, म्हणून तर लेसर तांबडा निवडला गेला. जुन्या डार्करूमचेच रूपांतर रीडरच्या खोलीत झाले असेल आणि तांबडा दिवा तसाच राहिला असेल, तर त्याची तीव्रता कमी असली तरी रंग चुकीचा आहे.

निर्देशांकाचा भ्रम

चित्र पुसट होणे ही झाली उघड हानी. खरा धोका त्यापुढे आहे. सीआर पद्धतीत संगणक प्राप्त संकेत आपोआप ताणून-आकसून पडद्यावर योग्य उजळपणाचे चित्र देतो. त्यामुळे संकेतात झालेली सर्वसाधारण घट डोळ्यांना दिसत नाही, फक्त चित्र थोडे दाणेदार होते. घट दिसते ती निर्देशांकात. हा निर्देशांक तंत्रज्ञाला 'मात्रा पुरेशी होती की नाही' हे सांगण्यासाठी दिलेला असतो.

या निर्देशांकाचे स्वरूप उत्पादकागणिक वेगळे आहे. फुजीचा एस-अंक मात्रा कमी झाली की वाढतो. कोडॅकच्या परंपरेतील एक्स्पोजर इंडेक्स मात्रा निम्मी झाली की सुमारे ३०० ने उतरतो. अ‍ॅग्फाचा एलजीएम त्याच वेळी सुमारे ०.३ ने उतरतो. हा गोंधळ दूर करण्यासाठी २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने समान निर्देशांकाचे मानक प्रसिद्ध केले. सुधारणा स्वागतार्ह होती. परंतु जुना काय किंवा नवा काय, निर्देशांक मोजतो तो वाचनाच्या क्षणी पट्टिकेत उरलेला संकेत. रुग्णाच्या शरीराला मिळालेली मात्रा तो मोजत नाही.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. संपूर्ण अंधारात ठेवलेली पट्टिकाही आपला संकेत हळूहळू गमावते. चित्रणानंतर १० मिनिटे ते ८ तास या अवधीत सुमारे २५ टक्के घट होते, असे अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनात नमूद आहे. एवढ्या घटीने फुजीचा २०० असणारा अंक सुमारे २६७ होईल, कोडॅकचा निर्देशांक सुमारे १२५ ने उतरेल आणि नव्या मानकातील विचलन-निर्देशांक सुमारे उणे १.२५ येईल. याच संघटनेने २००९ मध्ये सुचविलेल्या श्रेणीनुसार हा आकडा 'मात्रा अपुरी, क्ष-किरणतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा' या पट्ट्यात मोडतो. प्रत्यक्षात रुग्णाला पूर्ण मात्रा मिळालेली असते. अपुरा ठरला तो केवळ पट्टिकेचा जपणूककाळ. त्यात प्रकाशगळतीची भर पडली तर आकडा आणखी घसरतो.

आता तंत्रज्ञाच्या जागी राहून विचार केला तर पुढील क्रम अटळ वाटतो. आकडा वारंवार कमी येतो, म्हणून तो पुढच्या रुग्णापासून यंत्रावरील मात्रा वाढवतो. आकडा सुधारतो, चित्रही अधिक स्वच्छ येते, तक्रार कोणाचीच उरत नाही. किरणोत्सर्ग-सुरक्षेच्या अभ्यासात मात्रेच्या या नकळत चढत जाण्याची दखल घेतली गेली आहे. परंतु तिचे एक कारण कॅसेटच्या झिजलेल्या कडेत किंवा रीडरजवळच्या खिडकीत असू शकते, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

मुळशीचा संदर्भ

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका या प्रश्नाची दोन्ही टोके एकाच सीमेत दाखवतो. पूर्वेस हिंजवडी, बावधन, पिरंगुट, लवळे हा पुणे शहराला लागलेला व झपाट्याने नागरी झालेला पट्टा आहे. पश्चिमेस पौडच्या पुढे मुळशी जलाशय, ताम्हिणी घाट व सह्याद्रीच्या कुशीतील विखुरलेली गावे आहेत. जलाशयाच्या वळणावळणाच्या काठामुळे समोर दिसणारे गावही रस्त्याने लांब पडते. पावसाळ्यात घाटमाथ्यावरील अतिवृष्टीने अंतर आणखी वाढते.

पूर्वेकडील रुग्णाला चित्र पुन्हा काढावयाचे झाल्यास त्याची काही मिनिटे जातात. पश्चिमेकडील रुग्णाचा दिवस जातो, सोबत आलेल्याची मजुरी जाते आणि अनेकदा तो परत येतच नाही. याच भागात आरोग्य शिबिरासाठी फिरते यंत्र नेले आणि रीडर मात्र पौडला किंवा पुण्यात राहिला, तर सकाळी चित्रित केलेल्या कॅसेट संध्याकाळी वाचल्या जाणार हे उघड आहे. वीज खंडित झाल्यास तोच विलंब केंद्रातच घडतो. गाडीतील उष्णतेने संकेताची घट वेगाने होते, याचाही विचार येथे करावा लागतो. ज्याला पुनर्चित्रण सर्वांत महाग पडते, त्याच्याच पट्टिकेला सर्वांत अधिक धोका असतो, ही या व्यवस्थेतील विषमता आहे.

पूर्वेकडील प्रश्न निराळा आहे. दंतचिकित्सालयांतील लहान पट्टिकांना टणक कॅसेट नसते, त्या पातळ अपारदर्शक पाकिटात असतात. तोंडातून काढल्यावर पाकीट फाडून पट्टिका स्कॅनरमध्ये सरकवावी लागते. लखलखीत दिव्यांच्या स्वच्छ चिकित्सालयात हेच काही क्षण घातक ठरतात. येथे अंतराचा प्रश्न नाही. उजेडाच्या अतिरेकाचा आहे.

आक्षेप व नियमन

आधुनिक रीडर कॅसेट स्वतः आत ओढून घेतो व पट्टिका बाहेर येऊच देत नाही, मग ही चर्चा अप्रस्तुत नव्हे काय, असा आक्षेप घेतला जाईल. पूर्ण स्वयंचलित रीडर आणि सुस्थितीतील कॅसेट यांच्यापुरता तो मान्य करावा लागतो. परंतु बिजागरी सैल झालेली कॅसेट, हाताने पट्टिका काढावी लागणारे छोटे रीडर, आत अडकलेली पट्टिका सोडवण्याचे प्रसंग आणि वर उल्लेखिलेली दंतपट्टिका या सर्वांना तो लागू पडत नाही. विलंबाने होणारी घट तर सर्वोत्तम कॅसेटलाही चुकत नाही.

भारतात क्ष-किरण यंत्रांचे नियमन १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ करते. त्याला अणुऊर्जा (किरणोत्सर्ग संरक्षण) नियम, २००४ चा आधार आहे. या नियमनाचा भर यंत्र, खोलीचे कवच, कर्मचारी आणि रुग्ण यांच्या किरणोत्सर्ग-सुरक्षेवर आहे व तो योग्यच आहे. पट्टिकेची दैनंदिन हाताळणी मात्र व्यवहारात उत्पादकाच्या पुस्तिकेवर आणि तंत्रज्ञाच्या सवयीवर सोडली जाते. पट्टिका ही प्रतिमेच्या दर्जाची बाब आणि मात्रा ही सुरक्षेची बाब, अशी ही विभागणी आहे. उपरोक्त विवेचन मान्य केल्यास ती टिकत नाही. पट्टिकेवर पडलेला प्रकाश शेवटी रुग्णाच्या मात्रेत जमा होतो.

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक कॅसेटवर चित्रणाची वेळ नोंदवावी आणि वाचनाचा क्रम वेळेनुसार ठेवावा. रीडर खिडकीपासून दूर असावा व दंतपट्टिकेचे पाकीट मंद उजेडात उघडावे. बराच काळ न वापरलेली पट्टिका वापरण्यापूर्वी रीडरमध्ये पुसून घ्यावी, कारण नैसर्गिक व विखुरलेल्या किरणांची नोंदही ती साठवत असते. पट्टिका चुकून क्षणभर उघडी पडली तर ती आधी वाचावी, चित्र निदानयोग्य आहे की नाही हे डॉक्टरांनी पाहावे आणि मगच पुनर्चित्रणाचा विचार करावा. पुनर्चित्रणाच्या नोंदवहीत 'प्रकाश वा विलंब' असा स्वतंत्र रकाना असावा. कॅसेटच्या तपासणीसाठी रुग्णाची गरजही नाही. दोन कॅसेटवर समान किरण टाकून एक तासभर उजेडात व दुसरी कपाटात ठेवावी, नंतर दोन्ही वाचून निर्देशांक व कडा ताडून पाहाव्यात. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाने तालुक्यातील केंद्राच्या परवानाधारक यंत्रावर, तेथील तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली हा प्रयोग विद्यार्थ्यांसमोर घडवून आणावा, इतका तो सोपा व बोधप्रद आहे.

समारोप

सीआर पद्धतीने अंधार दूर केला नाही. तो खोलीतून काढून कॅसेटच्या आत ठेवला. हा अंधार चित्रणापासून वाचनापर्यंतच्या काळापुरताच जपायचा असतो, परंतु त्या काळात तो जपला गेला नाही तर यंत्र चूक मान्य करीत नाही, ती मात्रेच्या खात्यावर टाकते. निर्देशांकाचा आकडा कमी आला की प्रथम कॅसेट, घड्याळ व खिडकी तपासावी आणि यंत्राच्या बटणाकडे त्यानंतर वळावे, एवढा क्रम पाळला गेला तरी मुळशीच्या जलाशयापलीकडून आलेल्या रुग्णाची दुसरी फेरी व दुसरी मात्रा दोन्ही टळू शकतील.