एका मिनिटात दहा लाख

मुळशी तालुक्याच्या पूर्व कडेला, हिंजवडी आणि माणच्या जमिनीवर एमआयडीसीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. इथल्या अभियंत्यांच्या पडद्यावर जे आलेख रात्रंदिवस वरखाली होतात, त्यामागची यंत्रं बहुधा त्या इमारतीत नसतात. ती असतात मायक्रोसॉफ्टने 2015मध्ये पुण्यात सुरू केलेल्या क्लाउड केंद्रात, ॲमेझॉनच्या 2016पासूनच्या मुंबई केंद्रात, नाहीतर थेट व्हर्जिनियात. इथे बसून सांभाळायचं ते फक्त त्यांचं प्रमाण: किती यंत्रं, कधी, आणि त्यांच्यात गर्दीची वाटणी कशी.

वाटणी करणारा तो लोड बॅलन्सर. येणारी प्रत्येक जोडणी मागच्या अनेक सर्व्हरपैकी एकाकडे द्यायची आणि जो सर्व्हर आजारी दिसेल त्याला वगळायचं, एवढंच त्याचं काम. मागचे सर्व्हर वाढवणं आता कुणालाही जमतं. अवघड प्रश्न त्याच्या एक पायरी अलीकडे आहे. वाटणी करणारा स्वतःच अपुरा पडला तर? एकाचे दोन केले, तर त्या दोघांत कोण वाटणार?

ॲमेझॉनने मे 2009मध्ये ‘इलास्टिक लोड बॅलन्सिंग’ बाजारात आणलं, तेव्हाचं उत्तर सरळ होतं. गर्दी वाढली की वाटणी करणारी यंत्रं वाढवायची आणि त्यांचे पत्ते डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीत, लिहायचे. पत्त्याची मुदत 60 सेकंद. पण मुदत संपली तरी जुना पत्ता न सोडणारी सॉफ्टवेअरं कमी नाहीत. ती जुन्याच दारावर धडका देत राहतात. गूगलच्या ‘मॅग्लेव्ह’ने दुसरी वाट धरली. 2008पासून वापरात असलेल्या या व्यवस्थेवरचा शोधनिबंध 2016मध्ये आला. तिच्यात पत्ता एकच. राउटर पॅकेटं अनेक यंत्रांवर सारखी पसरतात आणि प्रत्येक यंत्र एकाच गणिताने त्याच सर्व्हरचं नाव काढतं. त्यामुळे मधलं एखादं यंत्र गेलं किंवा नवं आलं तरी चालू जोडण्या सहसा तुटत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या ‘अनंता’ने, ज्याची माहिती 2013मध्ये प्रसिद्ध झाली, सर्व्हरचं उत्तर लोड बॅलन्सरला वगळून थेट ग्राहकाकडे धाडलं. मागणी चिमुकली आणि उत्तर अवाढव्य असतं, त्यामुळे मोठं ओझं तिथेच उतरलं. फेसबुकने 2018मध्ये आपलं ‘कट्रान’ हे लोड बॅलन्सर सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. पॅकेट हलवण्याची कला एवढ्या वर्षांत खरोखरच पक्व झाली आहे.

वेळ गाठण्याच्या कलेबद्दल तसं म्हणवत नाही.

याचा उत्तम दाखला क्रिकेटने दिला. जुलै 2019मध्ये मँचेस्टरला विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना पावसामुळे दुसऱ्या दिवसावर गेला आणि धोनी खेळत असताना हॉटस्टारवर एकाच वेळी 2 कोटी 53 लाख प्रेक्षक होते. अशा सामन्यांत प्रेक्षकांची भर मिनिटाला दहा लाखांच्या घरात जाते. नवं यंत्र उठायला, त्यावरचं ॲप्लिकेशन चालू व्हायला आणि लोड बॅलन्सरने त्याची तब्येत तपासून त्याला रांगेत घ्यायला काही मिनिटं सहज लागतात. तोवर आणखी वीस-तीस लाख लोक दारात. म्हणून हॉटस्टारच्या अभियंत्यांनी क्लाउड कंपनीच्या तयार ऑटोस्केलिंगवर, म्हणजे भार पाहून आपोआप यंत्रं वाढवण्या-घटवण्यावर, विसंबणं सोडलं. किती प्रेक्षकांना किती यंत्रं, याची शिडी त्यांनी आधीच बांधली आणि प्रत्येक पायरीवर राखीव क्षमता ठेवली. लोड बॅलन्सरही सामन्याआधीच ‘गरम’ करून, म्हणजे त्यांची क्षमता आगाऊ वाढवून, घेतले जात.

गंमत पुढे आहे. धोनी धावबाद झाला आणि प्रेक्षक भराभर उठले. पण उठताना त्यांनी ‘मागे’चं बटण दाबलं. म्हणजे व्हिडिओवरचा भार कोसळला आणि ॲपच्या पहिल्या पानामागच्या सेवांवर तोच भार आदळला. त्या सेवांवर तोपर्यंत शांतता होती. आपोआप वाढणारी-घटणारी यंत्रणा असती, तर तिने ती यंत्रं केव्हाच कमी केली असती. 19 नोव्हेंबर 2023च्या अहमदाबादच्या अंतिम सामन्यात आकडा 5 कोटी 90 लाखांवर गेला. तोही पेलला गेला, पूर्वतयारीने.

आता याच्या शेजारी 16 जुलै 2021 ठेवावा. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल दुपारी एकला लागणार, हे दिवस आणि तास धरून जाहीर होतं; विद्यार्थी पंधरा लाखांहून अधिक. एक वाजला आणि निकालाची संकेतस्थळं कित्येक तास उघडेनात. त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती आणि निकाल 99.95 टक्के होता, तरी आपले गुण पाहायची घाई कुणाची सुटते! त्याआधी 28 एप्रिलला दुपारी चारला ‘कोविन’वर अठरा वर्षांवरील लोकांची लसीकरणाची नोंदणी खुली झाली, तेव्हाही सुरुवातीची मिनिटं अडखळत गेली, पण व्यवस्था लवकर सावरली आणि त्याच दिवशी एक कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या. या दोन्ही प्रसंगी गर्दी अचानक आलेली नव्हती. तिची वेळ सरकारनेच दिली होती. ज्याची तारीख ठाऊक आहे त्या भारासाठी ‘येईल तेव्हा वाढवू’ हे धोरण तंत्रज्ञानाच्या नावाखाली केलेला आळस आहे.

विजेच्या लोकांना हे फार आधी कळलं. मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरतं. ज्या धरणाविरुद्ध 1921मध्ये सत्याग्रह पेटला, त्याचीच ही वीज, मुंबईसाठी. भिरा केंद्राची क्षमता 300 मेगावॉट आणि त्यातला 150 मेगावॉटचा संच पाणी पुन्हा वर चढवू शकतो. औष्णिक संच तापायला तास घेतो, जलविद्युत संच मिनिटांत हाताशी येतो. तरीही भार वाढण्याची वाट बघत कुणी बसत नाही. दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक पंधरा-पंधरा मिनिटांच्या 96 भागांत आदल्या दिवशीच आखलं जातं.

क्लाउडवाले उशिरा का होईना, याच वाटेवर आले. लोड बॅलन्सर आगाऊ गरम करायचा, तर पूर्वी कंपनीच्या मदतकक्षाकडे अर्ज करावा लागे. नोव्हेंबर 2024मध्ये ॲमेझॉनने क्षमता राखून ठेवण्याची सोय ग्राहकाच्याच हाती दिली. सोय चांगली आहे, फक्त राखीव क्षमता रिकामी राहिली तरी पैसे पडतात. ‘वापराल तेवढेच भरा’ या घोषणेला हा विक्रेत्यानेच लावलेला तळटिपेचा तारा आहे.

यंत्रं वाढवताना-घटवतानाच्या त्रासाबद्दल कमी बोललं जातं. नवं यंत्र जोडलं तरी त्याच्याकडे फक्त नव्या जोडण्या जातात. तासन्‌तास उघड्या राहणाऱ्या जोडण्या जुन्याच यंत्रांना चिकटलेल्या असतात. आलेखात यंत्रं दुप्पट दिसतात आणि अर्धी घाम गाळतात. कमी करताना उलट पेच: चालू जोडणी संपेपर्यंत किती थांबायचं? ग्राहकाने बदलली नाही तर ॲमेझॉनची मर्यादा 300 सेकंदांची आहे. एखादी मोठी फाइल चढवणाऱ्याला ती पुरेलच असं नाही.

आणि मग स्वयंचलन स्वतःच दुखणं होतं. 20 ऑक्टोबर 2025 रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनिया केंद्रात आधी डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या डीएनएस नोंदींचा घोळ झाला. तो सुटल्यावर नवी यंत्रं उभी राहू लागली, पण त्यांची नेटवर्क मांडणी उशिरा पोहोचत होती. नेटवर्क लोड बॅलन्सरने त्यांची तब्येत तपासली, आजारी ठरवलं, डीएनएसमधून काढलं. पुढच्या तपासणीत ती ठणठणीत निघाली म्हणून परत घेतलं. हे आत-बाहेर चालू राहिलं आणि तपासणारी व्यवस्थाच त्या ओझ्याखाली वाकली. अखेर अभियंत्यांनी आपोआप होणारी ही अदलाबदल हाताने बंद केली, तेव्हा जोडण्या सुरळीत झाल्या. तपासणीत नापास झालं म्हणून एका लोड बॅलन्सरने एका वेळी किती क्षमता काढून टाकावी, यावर आता वेगमर्यादा घालण्याचं कंपनीने जाहीर केलं आहे. ती मर्यादा किती असावी, हे अर्थात पुन्हा माणसांनाच ठरवायचं आहे.