असईच्या लढाईचें जुळणीचित्र : एक परीक्षण

या त्रैमासिकांत बखरी, शकावल्या, सनदा यांचीं परीक्षणें येत असतात. मुलांच्या खेळण्याचें परीक्षण पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल. तथापि हें खेळणें इतिहासाचें साधन म्हणूनच घरांत शिरतें, तेव्हां त्यास साधनाचीच कसोटी लावणें प्राप्त आहे. इंग्रजींत ज्यास जिगसॉ म्हणतात तें हें कोडें. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तें परदेशाहून आणून दिलें. पेटींत पुठ्ठ्याचे एक हजार तुकडे आहेत. ते जुळले म्हणजे ता. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई पुरी होते. नातवास बरोबर घेऊन मला तीस चार दिवस लागले. वेलस्लीस ती एका तिसऱ्या प्रहरांत आटोपतां आली होती.

छपाई उत्तम आहे, तुकडे सैल नाहींत. धुराचे तुकडे मात्र सर्व एकाच रंगाचे असल्यामुळें डोळ्यांचा अंत पाहतात. एका चित्राकडे इतका वेळ टक लावून बसण्याची संवय मुलांस लागते, हा या खेळाचा गुण मी मोकळ्या मनानें मान्य करतों.

दोष येथून पुढें. विल्यम हीथच्या चित्रावरून जे. सी. स्टॅडलर यानें खोदलेला व तांब्याच्या पत्र्यावरून छापलेला जो रंगीत ठसा संग्राहकांस परिचित आहे, त्याचीच ही प्रतिकृति. असल्या ठशांच्या खालच्या कोऱ्या पट्टींत चितारी, खोदणारा व प्रकाशक यांचीं नांवें असण्याचा प्रघात आहे. कोडें करणारानें ती पट्टीच छाटून टाकली आहे. पेटीवर केवळ लढाईचें नांव व सन. पोथीची पुष्पिका कापून पोथी विकणारास आपण काय म्हणूं? त्या एका कातरणीमुळें चित्राचा कर्ता नाहींसा झाला, आणि कर्ता नाहींसा होतांच चित्र प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होऊन बसलें. माझ्या नातवानें विचारलें, “आजोबा, हें काढणारा त्या वेळीं कोठें उभा होता?” हीथ त्या वेळीं आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता.

चित्राचा नायक अश्वारूढ वेलस्ली. तो तेथें असणें यथार्थच आहे. त्या दिवशीं त्याचा एक घोडा गोळीनें मेला व दुसऱ्यास भाला लागला. पण लढाई इंग्रजांस महाग कां पडली, हें या चित्रावरून कळत नाहीं. इंग्रजांची फळी तोफांवरून पुढें गेल्यावर, मेल्याचें सोंग घेऊन पडलेले शिंद्यांचे गोलंदाज उठले, आणि तोफा फिरवून त्यांनीं पुढें गेलेल्या पलटणींच्या पाठींवर मारा केला. त्या तोफा वेलस्लीस दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. त्याच्याकडील ४२८ लोक मेले, १,१३८ जखमी झाले, १८ बेपत्ता.

पक्षहि तांबडे डगले आणि पागोटीं इतके सोपे नव्हते. शिंद्यांचें कवायती पायदळ पोलमन नांवाच्या हॅनोव्हरच्या गृहस्थाच्या हुकमांत होतें. वेलस्लीकडे मद्रासी शिपाई होते आणि केळणा नदीच्या दक्षिणेस पेशव्यांचे स्वारहि होते. नागपूरकर रघूजी भोसले रणांत फार वेळ टिकले नाहींत. आम्हां नागपूर-वर्ध्याकडील लोकांस हें गोड लागणारें नाहीं. पण लिहिलें पाहिजे.

मला या लढाईंतील सर्वांत मोलाचा वाटणारा क्षण रणधुमाळीपूर्वींचा आहे. केळणेस उतार नाहीं, असें वाटाडे सांगत होते. वेलस्लीस दुर्बिणींतून समोरासमोरच्या कांठांवर दोन गांवें दिसलीं, आणि इतक्या जवळच्या गांवांमध्यें उतार असलाच पाहिजे असें त्यानें ठरविलें. दिवसा न जेवणारा देवदत्त लठ्ठ आहे, त्या अर्थीं तो रात्रीं जेवतो, ही मीमांसकांची अर्थापत्ति. वेलस्लीची रीत तीच. उतार सांपडला. झांकणावरच्या चित्राशीं ताडून तुकडा बसविणाऱ्या मुलास या विचाराची गांठच पडत नाहीं, कारण त्याचें उत्तर आधींच छापलेलें असतें. आपल्या दप्तरांना असें झांकण कोठून असणार?

हा खेळ मुळांत भूगोल शिकविण्याचा. जॉन स्पिल्सबरी या नकाशे खोदणाऱ्या लंडनच्या कारागिरानें १७६० नंतरच्या दशकांत नकाशे लांकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून करवतले. असईनंतर तीन महिन्यांच्या आंत तीच करवत आमच्या प्रांतावर चालली. २९ नोव्हेंबरास अडगांव, १५ डिसेंबरास गाविलगड, आणि १७ डिसेंबर १८०३ रोजीं देवगांवचा तह. भोसल्यांनीं कटक प्रांत दिला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखहि सोडला. गाविलगड व नरनाळा तेवढे परत मिळाले. तो पश्चिमेचा तुकडा पुढें निजामाच्या पदरांत पडला. पुलगांवाहून धामणगांवाकडे जातांना आगगाडी हीच नदी ओलांडते, आणि आमच्याकडील म्हातारीं माणसें आजहि पलीकडे जाण्यास “वऱ्हाडांत जाणें” म्हणतात. पेटींत एखादा लहानसा नकाशा घालतां आला असता.

ज्या संग्राहकांपाशीं हा ठसा खालच्या पट्टीसह अखंड असेल, त्यांनीं त्या पट्टीवरील मजकूर अक्षरशः उतरून घेऊन छायाचित्रासह मंडळाकडे धाडावा. नातवाच्या पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस तो चिकटविण्याची जागा मीं मोकळी ठेविली आहे.